चौदा पूर्णांक दोन

ते साल एकोणीसशे शहाण्णव. मार्चमधल्या एका सकाळी एक बाई पत्र्याची पेटी कवटाळून दोन जिने चढून आली आणि दारातच धापा टाकत म्हणाली, "भिंगवाल्या बाई इथंच बसतात ना?"

इथंच बसायच्या. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, गळ्यात काळ्या गोफात भिंग अडकवलेल्या. एका म्हाताऱ्या वकिलांच्या जोडीने त्यांनी दोन खोल्यांत काम मांडलं होतं. खटल्यात वापरलेला पुरावा नव्याने, कुणाचीही बाजू न घेता तपासून द्यायचा. लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव एव्हाना तोंडावर येऊ लागलं होतं; बाईंची त्याला हरकत नव्हती.

पेटीवाली एका परिचारिकेची थोरली बहीण होती. धाकटीला पाच वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्यातली तीन भोगून झाली होती. अर्ज आणि तारखा यांतच उरलेली दोन वर्षं जातील, असं वकिलांनी तिला जमेल तेवढ्या मऊपणाने सांगितलं.

"तिची मुलगी दीड वर्षाची असताना माझ्याकडे आली," थोरली म्हणाली. "आता साडेचारची आहे. मला आई म्हणते. मी रोज सांगते, अगं मी मावशी. परवा म्हणाली, मग आई कशी असते ते दाखव. काय दाखवू? महिनाभर आधी सुटली तरी चालेल. पण सोडवा."

बाईंनी पेटी उघडली.

प्रकरण साधं दिसत होतं. एका खाजगी रुग्णालयात एक निवृत्त शाळामास्तर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दगावले. सकाळी दहाला त्यांच्या छातीत जड वाटू लागलं. दहा वीसला परिचारिकेने रक्त काढलं, दहा पंचविसाला हृदयाच्या ठोक्यांची, ईसीजीची पट्टी निघाली, अकराला सगळं संपलं. दुपारी रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम चौदा पूर्णांक दोन. धडधाकट माणसात ते पाचाच्या आत असतं.

औषधांच्या ट्रेमध्ये पोटॅशियमची एक कुपी कमी होती. ती हातातून पडून फुटली, काचा मीच झाडल्या, असं परिचारिका सांगत राहिली. पाहिलेलं कुणी नव्हतं. सलाइनमध्ये मिसळायचं औषध हिने थेट शिरेत सोडलं, असं न्यायालयाने मानलं.

वकिलांनी चष्मा पुसला. त्यांचा संशय अदलाबदलीवर होता. दुसऱ्याच कुणाचं रक्त मास्तरांच्या नावावर गेलं असावं.

"चौदाचा माणूस बाकावर बसून आपल्या नंबराची वाट बघत नाही हो," बाई म्हणाल्या. "अदलाबदल झाली असती तर त्या दिवशी दोन तिरड्या उठल्या असत्या."

त्या चार दिवस कागद वाचत बसल्या. कार्बनच्या नकला होत्या, फिकट जांभळ्या. पाचव्या दिवशी त्यांनी चार कागद बाजूला काढले आणि तुरुंग गाठला.

परिचारिका जाळीपलीकडे बसली. काय बोलायचं ते सगळं बोलून झालेल्या माणसाचा चेहरा.

"रक्त किती निघालं?"

"कमी. मास्तरांच्या शिरा सापडत नव्हत्या. हात काळेनिळे झाले होते."

"कुठल्या नळीत किती घातलं?"

"डॉक्टरांना पेशींची मोजणी आधी हवी होती. म्हणून जांभळ्या बुचाची पुरी भरली. उरलं ते लालमध्ये. बोटभरही नव्हतं."

"हे तेव्हा कुणाला सांगितलं होतंस?"

"पहिल्याच जबाबात आहे. कुणी पुढे विचारलं नाही."

बाई निघायला उठल्या तेव्हा तिने एकच विचारलं, मुलगी अजून अंगठा चोखते का. बाईंना ते माहीत नव्हतं.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बाई वकिलांसोबत गेल्या तेव्हा ज्येष्ठ तंत्रज्ञाने त्यांना स्वतः खुर्ची पुसून दिली. सगळे त्याला दादा म्हणत. माणूस गोड, हाताला हलका, मदतीला तत्पर. नळ्या घेण्याच्या खिडकीवरची आणि तपासणीच्या टेबलावरची, अशा त्या दिवसाच्या दोन्ही नोंदवह्या त्याने मागताक्षणी काढून दिल्या.

"नळी परत पाठवायची वेळ येते का?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडून? सहा वर्षांत एक नाही." त्याने भिंतीवरचा फळा दाखवला. परत गेलेल्या नळ्या, शून्य. "मोठे साहेब पाहुण्यांना आणून दाखवतात."

"आणि रक्त कमी आलं तर?"

"भागवतो." तो हसला. "पेशंटला पुन्हा टोचायचं म्हणजे जिवावर येतं हो."

बाईंनी भिंग गोफात सोडलं. दार लोटून घ्या, असं त्यांनी वकिलांना खुणेने सांगितलं.

"दादा, मी सांगते. चुकलं तर अडवा. खिडकीवरच्या वहीत साडेदहाची नोंद आहे. जांभळी भरलेली, लाल कमी. ती कारकुनाची. वीस मिनिटांनंतर तुमच्या टेबलावरच्या वहीत लाल पुरेशी आहे आणि जांभळी कमी, मोजणी नाही. ही तुमच्या हातची. खिडकीपासून टेबलापर्यंत दहा पावलं. तेवढ्यात रक्त एका नळीतून दुसऱ्या नळीत गेलं."

दादाने अडवलं नाही.

"जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून भुकटी असते. ती पोटॅशियमचाच क्षार. शिवाय ती रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवते. अहवालाचं दुसरं पान कोर्टात कुणी उलटलं नाही. त्यावर कॅल्शियम दोन आहे. असायला हवं नऊ. पोटॅशियम चढलं आणि कॅल्शियम एवढं बुडालं, दोन्ही एकदम, असं ती भुकटी मिसळली तरच होतं. आणि रक्त काढल्यावर पाचच मिनिटांनी निघालेली पट्टी. चौदा पोटॅशियम असतं तर तिच्यावर तंबूसारखी टोकं आली असती. एक नाही. आहे ती साध्या हृदयविकाराच्या झटक्याची खूण. मास्तर त्याने गेले. कुपी खरंच फुटली होती."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"मला चौथीला होते ते," दादा म्हणाला. "म्हटलं, मास्तरांना आणखी एक सुई नको. रक्त ते रक्तच. घाईत त्या भुकटीचं डोक्यात आलंच नाही."

"कधी आलं?"

"निकालानंतर वर्षाने. नवीन मुलांना शिकवत होतो. जांभळ्या नळीत काय असतं ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि मास्तरांची नळी आठवली."

"आणि गप्प राहिलात."

"रोज ठरवायचो, उद्या सांगू."

वकिलांनी जबाब लिहून पुढे सरकवला. दादाने तो दोनदा वाचला. एक दिवस द्या, बायकोला माझ्या तोंडून कळू दे, मग सही करतो, असं म्हणून त्याने हात जोडले. वकिलांनी बाईंकडे पाहून नकारार्थी मान हलवली. पण जन्मभर कागदावरच विसंबलेल्या बाई त्या दिवशी माणसावर विसंबल्या. त्यांनी दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी दादा आला तो स्वतःचा वकील घेऊन. असं काही आपण बोललोच नाही, असं त्याच्या वतीने सांगण्यात आलं.

मग नुसते कागद उरले. बाईंनी बावीस पानांचा अहवाल दिला. सरकारी तज्ज्ञांनी मत द्यायला सात महिने घेतले. न्यायाधीश बदलले, तारीख पडली. पुढच्या तारखेला नोंदवही सापडेना, मग सापडली. थोरली प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसायची आणि निघताना विचारायची, "आता?" बाई तिला पुढची तारीख सांगायच्या. सगळं ठाऊक असून हात बांधलेले, अशी दोन वर्षं गेली.

निकाल आला. परिचारिका निर्दोष. ती शिक्षा पुरी भोगून बाहेर आली त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

वकिलांनी तो ऐकला नाही. ते आदल्या थंडीत गेले. दादावर कारवाई झाली नाही. त्याने नोकरी सोडली आणि नंतर एका औषधांच्या दुकानात उभा राहू लागला. तिथे तो फारसा बोलत नसे, असं म्हणतात. मोठ्या साहेबांनी फळा ठेवला, फक्त आकडा रंगवून टाकला. धाकटीला पुन्हा कुठल्या रुग्णालयाने घेतलं नाही. ती बहिणीकडेच राहून शिवणकाम करू लागली. बाईंनी आणखी चार वर्षं काम केलं, पण जबाबावर सही करायला कुणालाही एक तासही दिला नाही.

निकालाची नक्कल द्यायला त्या स्वतः गेल्या होत्या. साडेसहा वर्षांची मुलगी पाण्याचे दोन पेले घेऊन आली. एक तिने बाईंना दिला, दुसरा धाकटीला.

"तुम्ही अजून किती दिवस राहणार?" तिने धाकटीला विचारलं. धाकटीने पेला हातात धरून ठेवला.

उत्तराची वाट न पाहता मुलगी आत वळली आणि तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आई, पाहुण्यांना पाणी दिलं गं."