काडीचोराची वाट

रबरी पाइपचा तिसरा फटका सहादेवच्या पाठीवर बसला, तेव्हा मोनिका गर्दीतून वाट काढत पुढे सरकत होती.

सकाळचे सात वाजले होते. खर्ड्याजवळच्या त्या वस्तीतले बहुतेक सगळे पुरुष लिंबाखाली जमले होते आणि लिंबाला मोनिकाचे वडील, तिचे अण्णा, बांधलेले होते. वस्तीच्या जनावरांना पावसाळ्यापर्यंत पुरवायची कडब्याची गंज रातोरात निम्मी झाली होती आणि राखणीला सहादेव होता.

"कुंपनच शेत खातंय, म्या म्हनत हुतो का न्हाई?" टेम्पोवाला भागवत पाइप उगारत म्हणाला. "बोल, कुनाला इकला?"

"डोळा लागला हुता रं. तेवढीच चूक झाली माझी."

चौथा फटका तोंडावर आला. सहादेवचा ओठ फुटला आणि सदऱ्यावर रक्त ठिबकलं. मोनिका मध्ये घुसली, तर कुणीतरी तिला दंडाला धरून भिरकावलं. ती दगडांवर पडली, कोपर सोलून निघालं. सरपंच विजयमालाताई ओट्यावरूनच म्हणाल्या, "पोरींनी मधी पडू ने. कबूल करंस्तवर ऱ्हाऊ द्या त्याला बांधून."

चार मोठी माणसं चिडून एकत्र आली की शहाणपण आधी पळ काढतं, हे तेराव्या वर्षी मोनिकाला त्या सकाळी कळलं. तिने धाकट्या भावाचा, समर्थचा, हात धरला आणि गंजीकडे धाव घेतली. मागून मधुवंती आली. ती भिंगारची, वस्तीवरच्या शाळेत शिकवणाऱ्या मावशीकडे सुट्टीला आलेली. मधुवंतीला दोन खोडी होत्या. एक, शब्दांची वही कायम जवळ बाळगणं आणि दुसरी, विचारलं नसताना त्यातलं सांगणं.

"चोर घावला तरच अण्णा सुटतील," मोनिका म्हणाली. "बडवून मारतील नायतर त्यास्नी."

गंजीपासून दोन वाटा फुटत होत्या. डांबरी रस्त्याने मोटारसायकली आधीच पिटाळल्या होत्या, कारण चोर बाजारालाच जाणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. दुसरी गाडीवाट बंद पडलेल्या दगडखाणीकडे जाई. त्या वाटेवर पोरांनी बोटबोट माती धुंडाळली. पण पहाटेपासून वारं असं सुटलं होतं की वाट झाडल्यासारखी लख्ख. ना चाकाची खूण, ना कडब्याची काडी.

"हे वारं आजच कसं काय सुटलं?" समर्थने ढेकूळ लाथाडलं.

"कहकशाँ," मधुवंती पुटपुटली.

"काय?"

"आपण आकाशगंगा म्हणतो ना, तिचं फारसीतलं नाव. आपल्याला वर नदी दिसली. ग्रीकांना दूध सांडलेलं दिसलं, त्यांच्या दुधाच्या शब्दावरून गॅलक्सी आलं. पण फारसीत काह म्हणजे पेंढ्याच्या काड्या आणि कशान म्हणजे ओढत नेणारा. तुर्क लोकही पेंढ्याचा रस्ताच म्हणतात. आर्मेनियात तर काडीचोराची वाट म्हणतात! थंडीने गारठलेल्या माणसांसाठी एका देवाने राजाचा पेंढा चोरला आणि पळताना तो वाटभर सांडला, अशी गोष्ट आहे."

मोनिकाचं डोकं फिरलं. "तिकडं माझ्या बापाची पाठ फोडत्यात आन् तू मला चांदण्या सांगतीस व्हय? सांडलेला पेंढा खाली बघायचा असतो, वर न्हाई!"

"त्यांनी वर बघितला, एवढंच सांगतेय," मधुवंती ओशाळून म्हणाली.

मोनिकाने रागारागाने वर पाहिलं आणि तशीच थांबली. वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी होत्या आणि त्यांच्या फांद्या वाटेवर ओणवल्या होत्या. पोराला फणी करावी तशी बाभूळ भरल्या गाडीला विंचरून सोडते, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी इतका वेळ कुणी मान वर केली नाही ती नाहीच. काट्यांत कडब्याची पाती अडकून फडफडत होती.

"पांढरी हाय. आवंदाचा कडबा हाय ह्यो," ती म्हणाली. "जुना असता तर काळा पडला असता. पळा."

माना वर करून तिघं पळत सुटली. समर्थ दोनदा ठेचकाळला, पण रडला नाही. पाऊण तासाने खाण आली. तिच्या पोटात निळ्या ताडपत्रीखाली कडब्याने गच्च भरलेला टेम्पो उभा होता. भागवतचाच. गाडी जामखेडला गॅरेजात आहे, असं तो चार दिवस गावभर सांगत होता. मधुवंतीने मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केलं.

तेवढ्यात दगडाआडून भागवतचा हमाल वाल्मिक उठला. त्याने मधुवंतीची वेणी धरून अशी थोबाडीत मारली की चष्मा फुटला आणि नाकातून रक्ताची धार लागली. समर्थ केबिनमध्ये चढून किल्ली ओढत होता. ते बघून वाल्मिकने कोयता उचलला आणि तिकडे धावला.

मोनिकाच्या कमरेला शेरडं वळायची गोफण होती. पहिला धोंडा वाल्मिकच्या मनगटावर बसला आणि हाड वाजल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं. कोयता पडला. दुसरा गुडघ्याच्या वाटीवर बसला आणि तो ओरडत लोळला. मोनिकाला त्याची तिळमात्र दया आली नाही. तिच्या डोळ्यांपुढे तो पाइप होता. तिसरा धोंडा तिने गोफणीत घातला आणि त्याच्या डोक्यावर नेम धरला.

"नको, मोनिका," मधुवंती नाक दाबून म्हणाली. "मोबाईल चालू आहे. त्याला बोलू दे."

"भागवतदादानं लावलं मला," वाल्मिक कण्हत म्हणाला. "सांजच्याला माल परांड्याला जायचा हुता. मला मारू नगा."

परतताना तिघं कशी धावली ते त्यांचं त्यांना ठाऊक. लिंबाखाली सहादेवची मान छातीवर पडली होती आणि भागवतने पुन्हा पाइप उगारला होता. मोनिका थेट बापाच्या अंगावर जाऊन चिकटली. तो फटका तिच्या खांद्यावर बसला. ती कळवळली, पण हलली नाही.

मधुवंतीने मोबाईल विजयमालाताईंच्या हातात दिला. लिंबाखाली वाल्मिकचा आवाज घुमला. भागवतच्या तोंडचं पाणी पळालं. तो मागे सरला तोच वीस हात त्याच्यावर पडले. कुणी पाइप हिसकावला, कुणी त्याला खाली लोळवलं, कुणी लाथ घातली.

"वाघीन हाय सहादेवची पोरगी!" एक म्हातारा म्हणाला. कुणी समर्थची पाठ थोपटली. विजयमालाताईंनी मोनिकाच्या डोक्यावर हात ठेवला. "नाव काढलं गं तुमी. पंद्रा आगस्टला सत्कार करू तिघांचा. अख्ख्या गावाचं डोळं उघडलं."

मोनिकाने तो हात बाजूला केला.

"सत्कार ऱ्हाऊ द्या, ताई. माझ्या अण्णांचं हात अजून बांधलेलंच हायती."

विजयमालाताई स्वतः झाडापाशी गेल्या. गाठ ओढून ओढून दगडासारखी झाली होती. त्यांनी नखं लावली, मग दात लावले. दोर सुटला तरी सहादेवचे हात मागेच राहिले. मोनिकाने आधी एक पुढे आणला, मग दुसरा.

"चुकलं आमचं, सहादेव," ताई म्हणाल्या.

सहादेव त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो लेकीच्या खांद्याकडे बघत होता, आणि मग भागवतवर उगारलेल्या पाइपकडे.

"आदी त्यो पाइप खाली टाका," तो म्हणाला. "माझ्यासमोर आता कुनालाच मारायचं न्हाई."

ज्याच्या हातात पाइप होता, त्याने तो मुकाट्याने खाली टाकला.