बारा गाड्यांचा एक मार्ग

मंगळावरच्या वसाहतीच्या जोडणीकक्षात सकाळपासून पूर्ण शांतता होती, आणि ऑपरेटर ज्योत्स्ना माने त्या शांततेलाच वैतागली होती. स्पीकरमधून नेहमीची खरखर येत नव्हती. म्हणजे कुठल्या तरी गाडीत कोणीतरी बोलायचं बटण दाबून धरलं होतं.

उपग्रह निकामी झाल्यापासून बाहेरच्या बारा गाड्यांशी बोलणं ‘रथवाणी’ या रेडिओफोनवर चालत होतं. अभियंते रेगेकाकांनी ती पृथ्वीवरच्या अगदी पहिल्या मोटार-टेलिफोनांवरून बेतली होती. तेव्हा गाडीच्या डिकीत एक जड पेटी असे, फोन जोडून द्यायला मध्ये ऑपरेटर बसे आणि अख्ख्या शहराला मोजकेच लहरमार्ग असत. इथे तर एकच होता; एकाने तो अडवला की बाकीच्यांचा आवाज पोचत नसे.

बाराव्या गाडीचा चालक हसन मुजावर सकाळी आठपासून बेपत्ता होता. त्याच्याजवळची हवा पाचपर्यंत पुरणार होती. आता दोन वाजले होते.

“कोणीतरी पुन्हा बटणाला चिकटपट्टी लावलीय,” वसाहतप्रमुख डॉ. नलावडे म्हणाल्या. “हात मोकळे ठेवायची हौस! मार्ग अडलाय, म्हणून हसनचा आवाज येत नाही. सांगा त्या शहाण्याला, पट्टी काढ म्हणून.”

“बाई, नेमकं त्यालाच ऐकू जाणार नाही,” रेगेकाका संकोचून म्हणाले. “बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. दोन्ही एकदम नाही. बाकीच्यांना मात्र आपलं ऐकू जातं, आपला मनोरा जोरदार आहे.”

“मग बाकीच्यांना परत बोलवा. जो येणार नाही तो सापडला.”

ज्योत्स्नाने हाक दिली. तासाभरात एकेक करत अकरा गाड्या आवारात आल्या. शेवटचा चालक आत येताच म्हणाला, “माझ्याकडे काय बघताय ताई? चिकटपट्टी मी कधीच सोडली. बायकोची शपथ!”

“दर वेळी तिचीच का घेता हो?” ज्योत्स्ना म्हणाली.

अकराही यंत्रं बंद केली. स्पीकर तसाच शांत राहिला.

“काका, मग ही शांतता कोणाची?”

रेगेकाकांनी चष्मा काढून पुसला. “मी चुकत असेन. पण बटण दाबलं की वाहक लहर निघते आणि आपली खरखर थांबते. बोलायला माणूस असो वा नसो. गाडी उलटली असेल, माइकची तार तुटली असेल, बटण अंगाखाली दबलं असेल... सकाळपासून आपण ज्याला शिव्या देतोय, तो हसनच आहे.”

नलावडेबाई खुर्चीत बसल्या.

लहर कुठून येते हे दोन मनोऱ्यांवरच्या दिशाशोधकांनी पाहिलं. नकाशावर दोन रेघा एका घळीपाशी छेदल्या, आणि दोन गाड्या तिकडे निघाल्या.

सव्वाचारला स्पीकर अचानक खरखरला.

“संपलं,” नलावडेबाई हळूच म्हणाल्या. “त्याची बॅटरी गेली.”

बॅटरी गेली तरी खरखर अशीच परत आली असती, हे रेगेकाकांनाही नाकारता येईना. ज्योत्स्ना मात्र पुढे सरकली.

“किंवा हात हलला असेल. तसं असेल तर सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना आपलं ऐकू येतंय.” तिने बटण दाबलं. “हसनभाऊ, तुमचा आवाज येत नाहीये. बोलू नका, नुसतं बटण दाबा. हवा किती उरलीय? दहा मिनिटांच्या हवेला एकदा, असं मोजून दाबा.”

तिने बोट उचललं. खरखर चालूच होती. नलावडेबाईंनी डोळे मिटले.

मग ती थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. एक. दोन. तीन. बऱ्याच वेळाने चार. नंतर फक्त खरखर.

“गाड्या किती लांब आहेत?” ज्योत्स्नाने विचारलं.

“पस्तीस मिनिटं,” रेगेकाका म्हणाले.

तिने खुर्ची ओढून घेतली आणि बटण दाबलं. “हसनभाऊ, माणसं निघालीत. आता हालचाल करू नका, श्वास सावकाश घ्या. ते पोचेपर्यंत मी बोलत राहते.”