पुराच्या रेघेचा दगड

“एकही पेटी आत जायची नाही!” बटाटा दारात आडवा झाला. दहा वर्षांचा, गोल, आणि एकदा बसला की हलणार नाही. नाव उगाच पडलं नव्हतं!

संग्रहालयाच्या बाई हैराण झाल्या. शहराचे शंभर वर्षांचे फोटो पेट्यांमध्ये होते आणि ते आजच नदीकाठच्या खालच्या दालनात ठेवायचे होते.

“तिथे पुराचं पाणी शिरतं,” बटाट्याची ताई म्हणाली. “आमचे आजोबा नावाडी होते. ते लहान असताना त्यांच्या वडिलांनी या खिडकीतून नाव आत घातली होती!”

पायऱ्यांची दुरुस्ती करून घेणारे इंजिनियरसाहेब हसले. “नदीच्या पायऱ्यांवर पुराची रेघ कोरलेला दगड आहे. रेघ या दालनाच्या फरशीपेक्षा खाली आहे. दगड खोटं बोलत नाही, बाळ. आजोबांचं आता वय झालंय.”

आजोबा बाहेरच उभे होते. ते काठी टेकत निघून गेले. ताईला ते फार लागलं. सुट्टीत रोज संध्याकाळी याच पायऱ्यांवर बसून त्यांनी जुनं शहर डोळ्यांपुढे उभं केलं होतं. नावांची रांग, पलीकडून येणारा भाजीबाजार, पैलतीरावरून घातलेल्या हाका. तेही सगळं खोटंच ठरणार की काय?

“तासभर थांबा, बाई!” म्हणत ती पळाली. मागून बटाटा आणि आत्तेभाऊ चष्मिस.

दगड तिसऱ्या पायरीजवळ भिंतीत होता. रेघेच्या वीतभर खाली, नावांच्या दोराने घासून पडलेली खोल खाच होती.

“खाच कडेपर्यंत आलीय आणि शेजारचा दगड गुळगुळीत!” चष्मिस ओरडला. “दोर काय मध्येच घासायचा थांबला?”

“म्हणजे याचा खरा शेजारी दुसरीकडे आहे!” ताई म्हणाली.

भिंत चाचपत तिघं वर चढले. चौदाव्या पायरीजवळ उरलेली खाच सापडली, आणि तिच्या शेजारी सिमेंटचा नवाकोरा चौकोन!

“मीच काढला तो दगड,” पायऱ्या दुरुस्त करणारे गवंडीकाका म्हणाले. “साहेब म्हणाले, एवढ्या वर कोण बघतंय? खाली बसवा, येणाऱ्याजाणाऱ्याला नीट वाचता येईल.”

“रेघ खाली आणली!” बटाट्याने कपाळावर हात मारला. “पुराला कळवलं का?”

काकांनी हसत हसत पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी दिली. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. ताईने एक टोक खाचेच्या वीतभर वर धरलं. चष्मिसने दुसरं दालनात नेलं. पाणी थेट खिडकीच्या खालच्या चौकटीच्या वर थांबलं!

“माझ्या डोक्याच्याही वर!” बटाटा किंचाळला.

साहेबांनी नळीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “दगड खरंच बोलत होता. मीच त्याला नको तिथे बसवलं. शाब्बास पोरांनो!”

पेट्या वरच्या मजल्यावर गेल्या. बाईंनी तिघांची पाठ थोपटली. “शहराच्या आठवणी वाचवल्यात तुम्ही! आता आजोबांना बोलवा. या फोटोंमधली माणसं आम्हाला दुसरं कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी दगड वर चढला. काकांनी मोजून मापून तो चौकोनात टेकवला. आजोबांनी खाचेवरून अंगठा फिरवला; दोन दगडांच्या सांध्यावर तो किंचित अडला. याच खाचेतून त्यांच्या वडिलांचा दोर वर्षानुवर्षं सरकला होता. त्यांचे डोळे भरून आले.

“अजून बोटभर वर,” ते म्हणाले.

काकांनी साहेबांकडे पाहिलं.

“आजोबा म्हणतात तसं करा,” साहेब म्हणाले.