रुद्रचा हात कोण थकवतंय?

बॉल पुन्हा अलीकडेच टप्पा खाऊन वैष्णवीच्या गुडघ्यावर आदळला. कॅचरच्या जागी उकिडवी बसलेली वैष्णवी ओरडणारच होती, पण समोरच्या रुद्रचा चेहरा पाहून गप्प बसली. दिवाळीआधी याच रुद्रचे बॉल असे सुसाट यायचे की ग्लोव्हच्या आत तिचा तळहात लाल व्हायचा. त्र्यंबक रस्त्यावरच्या त्यांच्या छोट्या गावाच्या बेसबॉल संघात खरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, तोच एक होता.

"बस झालं," सविताताई म्हणाली. "रुद्र, तू मागे मैदानात उभा राहा. रविवारी पिचिंग अमित करेल."

अमितच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"मी? अगं ताई, माझा बॉल कुठं जातो ते मलाच ठाऊक नसतं."

"म्हणूनच आजपासून सराव कर."

सविताताई अकरावीत होती. दिनेश सर ट्रेनिंगसाठी पुण्याला गेले आणि जाताना संघ तिच्यावर सोपवून गेले. ती राज्य पातळीवर खेळली होती हे खरं, पण सोळा वर्षांची पोर कोच कशी होणार, अशी गावात कुजबुज होती. त्यातला सगळ्यात मोठा आवाज सोमनाथमामांचा. ते रुद्रचे सख्खे मामा. संघाच्या टोप्या त्यांनीच आणल्या होत्या, त्यामुळे संघही आपलाच आहे असं त्यांना वाटायचं.

"रुद्र टाकणार नसंल, तर रविवारी सर आले की सांगतो त्यांना," ते मैदानाच्या कडेवरून म्हणाले. "दुसरा कोच बघा म्हणावं. नाशिकची टीम येतीय, पोरखेळ हाय का?"

सविताताईने ऐकलं, पण उत्तर दिलं नाही. तेच वैष्णवीला खटकलं.

सराव संपल्यावर वैष्णवी, अमित आणि मनीषा चिंचेखाली जमले.

"पाणी कुठंतरी मुरतंय," मनीषा म्हणाली. "काल ताई फोनवर बोलत होती ना, ते मी ऐकलं. 'नाही सर, रविवारी रुद्र टाकणार नाही,' असं म्हणाली. आणि फोनवर कोण होतं, माहितीये? नाशिकच्या टीमचे कोच."

"म्हणजे आपली गुपितं त्यांना सांगतेय?" अमितने डोळे मोठे केले.

"आणि रोज सकाळी सायकल घेऊन खालच्या शेतांकडं जाते," वैष्णवी म्हणाली. "तिचं शेत तर वरच्या अंगाला आहे."

"मग उद्या आपण पण जायचं," मनीषाने ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं बांधाच्या आडून वाकत निघाले. भात पिकून पिवळं झालं होतं. सविताताईने सायकल करंजाखाली लावली आणि तीसुद्धा झुडपामागे लपून बसली. ती कोणावर तरी नजर ठेवून होती.

तेवढ्यात हवेत सूंऽऽ असा आवाज झाला. शेताच्या मधोमध लाकडी माळा होता आणि त्यावर उभा राहून रुद्र गोफण फिरवत होता. दगड सुटला की भातावरची पाखरं भुर्रकन उडायची, जरा वेळाने परत येऊन बसायची. रुद्र पुन्हा गोफणीत दगड भरायचा.

अमितचा पाय चिखलात पचकन रुतला. सविताताईने चमकून मागे पाहिलं.

"तुम्ही इथे काय करताय?"

"आधी तू सांग," वैष्णवी म्हणाली. तिला भीती वाटत होती, पण राग जास्त आला होता. "नाशिकच्या सरांना तू आपल्या टीमचं का सांगितलंस?"

सविताताई झुडपामागून बाहेर आली.

"ते माझे जुने कोच आहेत. रुद्र कोपर धरून बसतो, म्हणून काय करायचं ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, पिचिंग बंद ठेव आणि मुलगा इतर वेळी काय करतो ते बघ. रुद्र तर तोंडच उघडेना. खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच त्याला चोरून सराव करायला लावताय. रोज शोधत होते, आज कुठे तो दिसला."

"मग आम्हाला विचारायचं ना."

"तुम्ही मला विचारलंत?"

अमितने चिखलातून पाय ओढून काढला.

सविताताईने रुद्रला खाली बोलावलं. मामाचं घर गावातच असलं तरी दिवाळीच्या सुट्टीत तिथे राहायला जायचं, ही त्याच्या घरची रीतच होती. त्यामुळे त्याच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं.

"मामा म्हणतो, गोफणीनं हात तयार होतो," रुद्र म्हणाला. "पाखरं पण जातात आणि प्रॅक्टिस पण होते. भाचा मॅच जिंकून देणार, असं सगळ्या पाहुण्यांना सांगून बसलाय तो."

"दुखतो का हात?"

रुद्रने होकारार्थी मान हलवली आणि त्याचे डोळे भरून आले. "कंगवा पण डाव्या हातानं धरतो मी. मामाला नका सांगू. त्याला वाईट वाटंल."

पण मामा तोवर बांधावर येऊन पोचलेच होते. सविताताईने सगळं नीट समजावून सांगितलं. ते मनापासून हसले.

"आमच्या बापजाद्यांनी गोफणी फिरवल्या. कुणाचा हात गळून पडला का? तू अजून लहान आहेस, सविता."

ती पुन्हा बोलणार, एवढ्यात वैष्णवी भोळा चेहरा करून पुढे झाली.

"मामा, तुमच्यासारखी गोफण पंचक्रोशीत कुणाची नाय म्हणतात. रविवारी तुम्हीच माळ्यावर चढा ना. आम्हाला बघायचीय."

मामा फुलले. "या की. दावतो."

रविवारी सकाळी मामांनी खरोखर कमाल केली. एक दगड सुटला की मनीषा टाळ्या वाजवायची, "आणखी एक, मामा." तिकडे अमित शेजारच्या शेतातली पाखरं हाकलून मामांच्या भातावर पाठवत होता. मामा घामाघूम झाले, पण पोरांसमोर थांबणार कसे?

तिथून सगळे थेट मैदानावर आले. दिनेश सर पुण्याहून परतले होते. आज संघ सविताचाच, मी नुसता बघणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. वैष्णवी त्यांच्याजवळ गेली.

"सर, पहिला बॉल मामांच्या हातून टाकूया? टोप्या त्यांनीच दिल्यात."

मामा ऐटीत मधोमध उभे राहिले. हात मागे नेला आणि तोंडातून "आई गं" निघालं. बॉल चार पावलांवर पडला आणि गवतात थांबला. नाशिकची मुलं खिदळली. मामा मात्र कोपर धरून रुद्रकडे बघत होते.

"तुला रोज असं व्हायचं?"

"हो."

"मग बोलला का नाय?"

"तू लय खूश होतास, मामा."

मामा बाकावर जाऊन बसले. त्यानंतर मॅचभर त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

अमितचे बॉल सुरुवातीला भलतीकडेच जात होते, पण हळूहळू जमू लागलं. शेवटच्या डावात दोन्ही संघांचे रन सारखे झाले आणि नाशिकचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर येऊन थांबला. तो होम बेसवर, म्हणजे घरी, पोचला की सामना गेला.

रुद्र बाकावरून उठला. "ताई, मला टाकू दे. आता दुखत नाय."

सगळा संघ सविताताईकडे बघत होता. सरही बघत होते. वैष्णवीला मनातून वाटत होतं, हो म्हण. सविताताईने रुद्रच्या कोपरावर अंगठा दाबला. तो हसतच राहिला, पण त्याचा खांदा थरथरला.

"खाली बस," ती म्हणाली.

अमितने टाकलेला बॉल बॅटवर खणकला आणि नाशिकचा खेळाडू धावत घरी पोचला. एका रनने गावचा संघ हरला.

अमित तोंड झाकून बसला. सविताताईने आधी त्याची पाठ थोपटली आणि मग ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"हरलो, सर. दुसरा कोच बघायचा असेल तर..."

"थांब," सर म्हणाले. "तू तयार आहेस की नाही, ते आज बघायचं असं मी ठरवून आलो होतो." पुढचं बोलणं त्यांना सोपं जात नसावं. "सविता, मी असतो ना, तर शेवटी रुद्रला पाठवलं असतं. संघ तुझ्याकडेच राहू दे."

मामा बाकावरून उठून आले. "तिच्याकडंच राहू द्या, सर," ते म्हणाले आणि रुद्रची पिशवी त्यांनी डाव्या खांद्याला अडकवली. "चल भाच्या, आधी डॉक्टरकडं जाऊ."

सविताताईने तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसले. इतके दिवस ताईचा राग राग करणाऱ्या वैष्णवीला आत्ता कुठे जाणवलं, की ती आपल्याहून जेमतेम चार वर्षांनीच मोठी आहे.