थोरला राजाकडे, धाकटा कराराकडे

"त्याच्यापुढे पेज ठेवायची नाही!" इसोबेल मोलकरणीवर कडाडली. "माझ्या धाकट्या क्विंटिनला मारणाऱ्यांच्या फौजेत होता तो!"

तिचा थोरला मुलगा निनियन मेजावरून उठला. तिचा नवरा, सरदार गिल्बर्ट, मान खाली घालून आपली ओटची पेज ढवळत राहिले... बोलावं की गप्प बसावं? पोरगा लढाईवरून परतल्याला महिना झाला, तरी त्यांना हेच कळत नव्हतं!

सगळा घोळ त्यांनीच घातला होता. राजाने आपल्या चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये, या धर्मकरारावर त्यांनी भर सभेत सही केली. आणि त्याच आठवड्यात, तितक्याच निर्मळ अंतःकरणाने, राजाला निष्ठेचं पत्रही लिहिलं! युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी शेजारच्या जुन्या घराण्यांसारखंच गुपचूप केलं. एक मुलगा राजाकडे, एक करारवाल्यांकडे. कुणीही जिंकलं तरी जमीन घरातच राहणार! "तू आपल्या मर्जीने पळालास, असंच जगाला वाटू दे," त्यांनी निनियनला बजावलं होतं. "आईलासुद्धा." करारवाले जिंकले खरे, पण त्यांच्या बाजूने लढणारा क्विंटिन रणात पडला...

आज रविवार, चर्चमध्ये निनियनची पाळी होती. राजाच्या बाजूने लढलेल्याला गोणपाट पांघरून, साऱ्या गावासमोर पश्चात्तापाच्या बाकावर बसावं लागे. बापाचं नाव फुटलं तर जमीन जप्त होणार होती.

"तुला कोणी पाठवलं?" पाद्र्याने विचारलं.

"कोणी नाही. माझंच डोकं फिरलं होतं."

"लाडाने बिघडलंय कार्टं!" मागून एक म्हातारी पुटपुटली.

"मग उजवा हात वर कर, आणि देवासमोर शपथ घे."

सरदार उठून बाकांच्या मधल्या वाटेत आले. खोटी शपथ! पोराच्या आत्म्याचा कायमचा नाश... आणि कशासाठी? राजासाठी? करारासाठी? की चार टेकड्या न् मेंढरांसाठी? काही म्हणता काही उमगेना! फक्त हळूहळू वर जाणारा तो हात दिसत होता.

"थांब!" ते ओरडले. "त्याला मी पाठवलं. दोघांनाही मीच पाठवलं!"

चर्चमध्ये एकच गलका झाला. "मग सरदारसाहेब, तुम्ही आहात तरी कुणाचे?" पाद्री गरजला. "राजाचे की कराराचे?"

"ठाऊक नाही हो... देवाशप्पथ, मला ठाऊक नाही!"

इसोबेल उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, कुणाला कुठे धाडायचं, ते कसं ठरवलंत?"

आता लपवायला काय उरलं होतं? "करारवालेच जिंकतील असं वाटत होतं... म्हणून धाकट्याला तिकडे पाठवलं. तो तरी जगावा म्हणून."

"आणि हा?"

सरदारांनी नजर फिरवली.

"मला ते तेव्हाच कळलं होतं, आई," निनियन हळूच म्हणाला.

इसोबेल धावत गेली आणि तिने त्याला गोणपाटासकट कवटाळलं. "माझ्या वासरा! महिनाभर तुझ्याशी एक शब्द बोलले नाही रे मी!" तिचे हुंदके थांबेनात.

सरदार मधल्या वाटेत तसेच उभे होते. उद्या जप्ती येणार हे नक्की होतं. आज कुठे जावं, एवढंही त्यांना सुचत नव्हतं. निनियनने आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो बाकावर थोडा सरकला.

"या, बाबा," तो म्हणाला. "बसा."