दोन गळ्यांचा झगा

बार्बोरा शिंपिणीसारखा झगा सगळ्या ब्र्नो शहरात कुणी शिवत नसे. गळे दोन, बाह्या चार, कंबर एकच. हेडविका आणि ओटिली या बहिणी कुशीला कुशी चिकटूनच जन्मल्या होत्या. सहाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत त्यांचं प्रत्येक कापड बार्बोरानेच बेतलं.

१८८१ च्या मार्चमध्ये ओटिली छातीच्या तापाने गेली. तीन तासांनी, काही दुखत-खुपत नसताना, हेडविकाही गेली. ती कशाने गेली हे शोधायला डॉक्टरांनी देह मागितले. "पुराल ते एकत्रच," एवढ्या बोलीवर आईने ते दिले.

पाचव्या दिवशी दुपारी बार्बोरा पांढरा झगा घेऊन विच्छेदनाच्या खोलीत शिरली. स्पिरिटचा वास नाकात झोंबला. टेबलं दोन होती, समोरासमोरच्या भिंतींना.

"हे काय केलंत, साहेब?"

डॉक्टर ग्रोमान चष्मा पुसत म्हणाले, "वेगळं केल्याशिवाय आत काही दिसेना. झगा मधोमध कापा, बाई. जन्मभर एकमेकींना ओढत जगल्या बिचाऱ्या. आता तरी सुटू देत."

"ओढत? कडाकडा भांडायच्या आणि एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायच्या! आईला शब्द दिलात ना?"

"खड्डा एकच असेल. पेट्या दोन."

डॉक्टरांपुढे शिंपिणीचं काय चालणार? तिने कात्री चालवली. अर्धा झगा ओटिलीच्या अंगात घालून बाही टाचताना सुई निसटली ती ओटिलीच्या मनगटात रुतली.

"चुकलं गं बाळा," ती सवयीने पुटपुटली. रक्त अर्थातच आलं नाही.

उरलेला अर्धा झगा घेऊन ती हेडविकाकडे गेली.

हेडविकाच्या मनगटावर रक्ताचा थेंब होता.

डॉक्टरांनी तो बोळ्याने पुसला. पुन्हा आला.

"हिच्या अंगात रक्त नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच काढलंय सगळं."

"आणि ती गेली कशाने, ते सापडलं?"

"नाही. हृदय, फुप्फुसं, सगळं धडधाकट होतं."

मग डॉक्टरांनी ओटिलीला दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि बहिणीच्या कुशीला निजवलं.

बार्बोरा झग्याचे दोन भाग पुन्हा जोडू लागली. डॉक्टर कापड धरून उभे राहिले. कमरेशी आल्यावर तिची बोटं दोघींच्या मधे गेली आणि तिथेच थांबली.

"साहेब, इथे हात लावा."

त्यांनी लावला. बाकी अंग गारठलेलं होतं, तिथे मात्र ऊब होती. डॉक्टरांची बोटं आपण कापलेली कड शोधत वरून खाली फिरली, पुन्हा फिरली. कड सापडली नाही.