बटणात मावेना

ती हात पुसत जागेवर आली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसला होता आणि तिच्या स्क्रीनकडे पाहून हसत होता.

"काही विनोदी आहे का?"

तो झटकन उठला. "माफ करा, मला वाटलं ही जागा माझी. मी नवा भाषांतरकार... आणि हे माझंच वाक्य. बघा ना, दारात अडकलंय बिचारं."

तिने पाहिलं. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची वेळ ठरवायचं हे ॲप तिने जवळजवळ एकटीने उभं केलं होतं. त्यात दोन भाषा सुखाने नांदत होत्या. तिसरी, म्हणजे याची, सकाळीच आली होती, आणि तिचं वाक्य निळ्या बटणाच्या कडेबाहेर अर्धं लोंबत होतं.

"वाक्य लहान करा," ती म्हणाली.

"बटण मोठं करा," तो म्हणाला.

ओळख झाली ती अशी. दुपारपर्यंत तिने त्याचं नाव 'पाल्हाळ' ठेवलं होतं आणि त्याने तिचं 'फूटपट्टी'.

ॲप छोट्या छोट्या भागांतून रचलेलं होतं. बटण एकदाच घडवायचं आणि हवं तिथे बसवायचं. त्या भागांतली सगळी वाक्यं तिने उचलून वेगळी ठेवली होती, म्हणजे भाषा बदलली की बटण तेच, शब्द दुसरे. काम चोख होतं. बटणाची रुंदी तेवढी तिने आपल्या भाषेच्या मापाने कापली होती, आणि त्यात काही चुकलंय असं तिला वाटत नव्हतं.

पण बाईंनी, त्यांच्या वरिष्ठांनी, स्पष्ट सांगितलं होतं: शुक्रवारी तिसरी भाषा नीट दिसली तर ठेवू, नाहीतर काढून टाकू. काढली, की पाल्हाळाचं कामही संपणार. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. सोमवारी तिला काळजी होती ती फक्त कामाची. बुधवारी... बुधवारी तिने तो विचार बाजूला सारला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"'कृपया माझी वेळ पक्की करावी.' यातलं 'कृपया' काढलं तर?"

"मग वाक्य दार न वाजवता घरात शिरेल."

"'करावी'ऐवजी 'करा'?"

"आमच्याकडे मोठ्यांशी असं बोललं, तर कान पिळतात."

"तुमच्याकडे भांडण तरी कधी संपतं का हो?"

"सुरू व्हायलाच वेळ लागतो. आधी ख्यालीखुशाली विचारावी लागते."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. तो वाकून स्क्रीन वाचत होता. त्याच्या बाहीला साबणाचा स्वच्छ वास होता... तिने नजर पुन्हा बटणावर आणली.

संध्याकाळी त्याने हार मानून दोनच शब्द दिले. ते नेमके मावले. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तो गप्प बसलेला तिला बघवेना.

"उद्या खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघू या?" जाताना तो म्हणाला. "माझ्या आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी आत्याने दार उघडलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि भाच्याला विचारलं, "हीच का ती फूटपट्टी?"

त्याला अचानक खोकला आला.

आत्याच्या फोनवर अक्षरं टपोरी होती, हरभऱ्याएवढी. आत्याने ॲप उघडलं. ते दोन शब्दही बटणात चिरडले होते.

ती विज्ञान शिकलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग निष्कर्ष काढायचा. तिने फक्त भाषा बदलली, आपली लावली. निळ्या बटणावर उमटलं: 'नक्की क'. पुढचं कापलं गेलं होतं.

"म्हणजे वाक्य लांब नव्हतंच," ती हळूच म्हणाली. "माझं बटणच आखडू आहे."

"पोरी," आत्या म्हणाली, "डोळे अधू झालेल्यांचं ॲप, आणि अक्षरं मोठी केली की दिसेनाशी होतात? धन्य आहे बाई तुमची."

'मी म्हणालो नव्हतो?' असं म्हणायची त्याला आयती संधी होती. तो म्हणाला, "आधी चहा घ्या."

तिने चहा घेतला, लॅपटॉप आत्याच्या जेवणाच्या टेबलावर उघडला आणि ओठ घट्ट मिटून कामाला लागली. बटण एकाच जागी घडलेलं, म्हणून दुरुस्तीही एकाच जागी. ठरीव रुंदी काढून टाकली. शब्द जास्त असतील तर दुसरी ओळ होऊ दे, बटण उंच होऊ दे. एका बदलाने सगळ्या पानांवरची बटणं सैलावली. कुठे तारखेला धक्का लागला, कुठे डॉक्टरांचा फोटो खाली सरकला. ती एकेक जागच्या जागी बसवत असताना तो शेजारी बसून वाचत राहिला, आत्या फोनवर बटणं दाबत राहिली.

"आता तुमचं जुनं वाक्य द्या," ती शेवटी म्हणाली. "कृपयासकट."

वाक्य आलं. दोन ओळींत ऐसपैस बसलं. आत्याने बोट टेकवलं आणि म्हणाली, "मिळाली वेळ. आणि किती अदबीने."

शुक्रवारी बाईंनी सगळी पानं पाहिली, अक्षरं मोठी करून पाहिली, आणि "राहू दे तिसरी" एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी ती लिफ्टपाशी उभी होती. तो मागून घाईघाईने आला.

"तुमची हरकत नसेल तर... म्हणजे कामाच्या ठिकाणी हे बोलावं की नाही, याचा मी विचार केला, बराच केला, आणि आत्या म्हणाली म्हणून नव्हे, पण..." तो अडखळला. "लहान करू का?"

सोमवारी ती 'हो' म्हणाली असती.

"नको," ती म्हणाली. "पूर्ण बोल. जागा आहे."

त्या 'बोल'ने तो क्षणभर बावरला. मग बोलू लागला. तिच्या खुर्चीत चुकून बसला तिथपासून, बटणापर्यंत, तिच्या मिटलेल्या ओठांपर्यंत, रोज तिला पाहिल्याशिवाय आता करमणार नाही इथपर्यंत. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच निघून गेली. वाक्य इतकं लांबलं, की माणूस हलला तरच पेटता राहणारा लिफ्टपाशचा दिवा, इथे कुणी नाहीच असं समजून, विझला. दोघांपैकी कुणीही हात हलवला नाही.

"हो," अंधारात ती म्हणाली.

"एवढंच?"

"माझ्या भाषेत एवढं पुरतं," ती म्हणाली, आणि अंदाजाने त्याची बाही धरली. दिवा लागला.